मार्क अडकले असतील तर नोट्स नको, चुकलेले पेपर काढ

तुझी पोस्ट दोनदा वाचली. दिंडोरीहून नाशिकला येऊन राहिलीस, दर रविवारी नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, टेस्ट देतेस, रोज बारा तास बसतेस, तरी तीन महिने झाले मार्क 410 ते 430 मध्येच. आता सगळ्या नोट्स नव्याने लिहून काढू का, असं विचारलंयस. नको काढूस. 2018 ला मी नेमकं हेच केलं होतं आणि त्यात माझे दीड महिने गेले.

आधीच सांगते, मी शिकवणारी नाही. नीट दोनदा दिली, दुसऱ्यांदा सरकारी कॉलेज मिळालं, आता बाँडची, म्हणजे सरकारी कॉलेजात शिकल्याबद्दल करावी लागणारी, नोकरी करतेय. माझ्या बाबतीत जे घडलं तेवढंच लिहितेय. एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं वाच, मोबाईल बाजूला ठेव, हे तुला सगळ्यांनी सांगितलेलं असणार.

मी निफाड तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग नाशिकला खोली घेऊन क्लास. क्लासचं नाव घेत नाही. तिथे रविवारी टेस्ट, सोमवारी ग्रुपवर मार्कांची यादी, आणि त्या यादीवरून बॅच बदलायची. पेपरवर चर्चा मात्र कधीच नाही. एकदा मी सरांकडे चुकलेले प्रश्न घेऊन गेले, तर म्हणाले, "पोर्शन मागे पडलाय, सोल्यूशनची पीडीएफ बघून घे." फी पूर्ण घेतली होती ना? मग मुलांचं नेमकं कुठे चुकतंय हे बघणं कोणाचं काम होतं? आज इतक्या वर्षांनीही याचा राग येतो. आईबाबांनी कांद्याच्या पैशातून भरलेली फी होती ती.

पण चूक माझीही होती, आणि मला सगळ्यात महाग तीच पडली. पेपर हातात आला की चुकलेल्या प्रश्नापुढे लाल पेनने "सिली मिस्टेक" लिहायचं, पेपर गठ्ठ्यात टाकायचा आणि पुढच्या धड्याला लागायचं.

खऱ्या परीक्षेत मी 171 प्रश्न सोडवले. 117 बरोबर, 54 चूक, मार्क 414. निकालानंतर खोली सोडून घरी आले तेव्हा तो गठ्ठा ओसरीवर उघडला. समोर कांदाचाळीत बाबा कांदा निवडत होते आणि मी पेपर चाळत होते. 38 पेपर निघाले. त्यात एक प्रश्न तीनदा सापडला, दर वेळी वेगळ्या शब्दांत: कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या पेशीत 16 गुणसूत्रं असतात, तर एस फेजनंतर (पेशी विभागण्याआधीच्या एका टप्प्यानंतर) किती? मी तिन्ही वेळा 32 केलं होतं आणि तिन्ही वेळा पुढे "सिली मिस्टेक" लिहिलं होतं. ती सिली मिस्टेक नव्हतीच. एस फेजमध्ये डीएनए दुप्पट होतो, 2C चा 4C होतो (C म्हणजे डीएनएचं प्रमाण), पण गुणसूत्रं 16 च राहतात, कारण गुणसूत्राच्या दोन्ही प्रती, म्हणजे क्रोमॅटिड, एकाच सेंट्रोमिअरला (जोडाच्या जागेला) धरून असतात. हे मला कळलेलंच नव्हतं. अकरावीच्या एनसीईआरटीत हा प्रश्न धड्यातच विचारलेला आहे. त्या पानावर मी तीन रंगांचे हायलायटर फिरवले होते, पण थांबून उत्तर कधी काढलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी शंभर पानी वही केली. प्रश्न पूर्ण उतरवायचा नाही, त्यात वेळ जातो. तारीख, मी काय उत्तर दिलं, ते देताना डोक्यात काय होतं, आणि एनसीईआरटीचं पान क्रमांक, बस. "डोक्यात काय होतं" हा रकाना सोडू नकोस, खरं काम तोच करतो. महिन्याभरात मला दिसलं की माझ्या चुका तीनच प्रकारच्या होत्या: मुळात न कळलेलं, "इनकरेक्ट" शब्द नजरेतून सुटलेला, आणि दोन पर्यायांत अडकून घाईत ठोकलेलं. दुसऱ्या प्रकारावर एकच उपाय केला. प्रश्नातल्या "नॉट", "इनकरेक्ट", "एक्सेप्ट" या शब्दांना पेनने गोल करायचा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे कराच, असं माझं ठाम मत आहे.

2019 ला 164 सोडवले, 143 बरोबर, 21 चूक, 551. तेव्हाचे मार्क आणि आजचे मार्क एका तागडीत तोलू नकोस, दर वर्षी पेपर आणि कटऑफ बदलतो. पण 54 चुकांच्या 21 झाल्या, हे बघ. चुकलेला प्रश्न बरोबर आला की चार मिळतात आणि कापलेला एकही वाचतो, म्हणजे एका प्रश्नामागे पाच मार्कांचा फरक पडतो.

टेस्ट कमी केल्यास तरी चालेल. आठवड्याला एकच दे, पण दुपारी 2 ते 5 याच वेळेत आणि ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल भरत. टेस्टला तीन तास दिलेस तर चुकांनाही तीन तास दे. क्लासवाले नाही म्हणतील, म्हणू देत.

आणखी एक, सीनियरची जुनी पुस्तकं वापरत असशील तर अभ्यासक्रम ताडून बघ. 2024 पासून काही धडे नीटमधून गेले आहेत, पचनसंस्थेचा धडा त्यातलाच. माझ्या मावसभावाने तो आठवडाभर पाठ केला होता. आरक्षणातून फॉर्म भरणार असशील तर जात पडताळणीचं काम आजच बाबांना सांग. निकालानंतर कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत बसलेली माझ्या बॅचची दोन मुलं मी पाहिली आहेत.

ड्रॉपचं, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यायची का याचं, आत्ता ठरवू नकोस. या रविवारच्या पेपरातले फक्त बायोचे चुकलेले प्रश्न घे, प्रत्येकापुढे तेव्हा डोक्यात काय होतं ते लिही आणि इथे टाक. सोमवारी ओपीडी संपली की मी बघते.