‘बोलोनीज’ सॉस की कुत्रा?

प्रश्न असा आहे: ‘बोलोनीज’ म्हणजे पास्त्यावरचा खिम्याचा सॉस, मग एका पांढऱ्या झुबकेदार कुत्र्यालाही तेच नाव कसं? आणि लिहायचं कसं, बोलोनीज की बोलोग्नीज?

आधी ‘ग’ काढून टाका. इटालियनमध्ये जी आणि एन ही अक्षरं जोडून आली की उच्चार ‘न्य’ होतो. आपण ‘लझान्या’ म्हणतोच की, ‘लझाग्ना’ नाही. तसंच शहर बोलोन्या आणि तिथलं ते ‘बोलोन्येझे’. यातला झ ‘झाड’मधला. ‘बोलोनीज’ हे रूप आपल्याकडे इंग्रजीतून आलंय. सॉससाठी ते आता रुळलंय, राहू द्या. कुत्र्यासाठी मी तरी बोलोन्येझेच लिहीन.

म्हणजे हे मुळात नुसतं विशेषण. आपण दुकानात ‘कोल्हापुरी दाखवा’ म्हटलं तर चप्पल पुढे येते, सराफाकडे म्हटलं तर साज आणि हॉटेलात मटण. तिकडेही तसंच. स्वयंपाकघरात बोलोन्येझे म्हणजे सॉस, दिवाणखान्यात कुत्रा.

आणि दिवाणखानाही साधासुधा नव्हे. राखण नाही, शिकार नाही, नुसतं मांडीवर बसायचं, असं तीनचार किलोचं जनावर पोसणं हा सरदार-दरकदारांचाच शौक. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात इटालियन चित्रकार तिशियनने साधारण 1529मध्ये काढलेलं, इटलीतल्या मांतुआ संस्थानाचा अधिपती फेदेरिको गोन्झागा याचं चित्र आहे. अंगात सोन्याच्या भरतकामाची निळी मखमल, कमरेला तलवार, आणि शेजारी एक लांब केसांचं पांढरं कुत्रं खुशाल त्या मखमलीवर पंजा ठेवून उभं! ते बोलोन्येझेचं पूर्वज की माल्टीज या तशाच पांढऱ्या छोट्या कुत्र्यांचं, यावर दोन्हीकडचे हौशी लोक हक्क सांगतात. (माल्टीज हेही गावावरून, म्हणजे माल्टा बेटावरून पडलेलं नाव.)

हे कुत्रे युरोपभरच्या दरबारांत पोचले. रशियात तर या नावाची गंमतच झाली. तिथे ‘बोलोन्का’ म्हणजे कुठलाही छोटा, केसाळ, मांडीवरचा कुत्रा; बोलोन्या शहर कुणाच्या डोक्यातही येत नाही.

हसू नका. आपल्या सोसायटीत दिसणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या झुबक्याला आपण ‘पॉमेरियन’ म्हणतो. त्यातले बरेचसे इंडियन स्पिट्झ असतात, आणि पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा मुलूख आहे, हे त्याला फिरवणाऱ्या काकांनाही ठाऊक नसतं.