सुट्टीत खिंडसीला गळ टाकायचा तर

भाऊ, २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर बोटिंगची गर्दी होते. म्हणून उजाडायच्या आत पोच आणि धक्क्यापासून लांबचा काठ धर. सुरुवातीला काही लागलं नाही तरी जागा सोडू नको. थंडीत मासा ऊन चढल्यावरच खायला लागतो. गळ टाकण्याआधी मात्र तिथल्या ढिवर मंडळींना विचार, मासळीवर त्यांचं पोट आहे.

रोहूसाठी कणकेत भाजलेलं बेसन मळ. गोळी बोराएवढी, गळाचं टोक झाकेल अशी. दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं बूच नुसतं थरथरलं तर थांब. पाण्याखाली गेलं की मनगटाने ओढ.

तोतलाडोहचा जलाशय नकोच, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे. आणि तुटलेली नायलॉनची दोरी खिशात घालून परत आण, पाखरांचे पाय अडकतात रे त्यात.