बडोद्यात घर कुठं घ्यावं, आणि आधी कुणाला विचारावं?

बदलीनिमित्त किंवा नवी नोकरी धरून बडोद्यात आलेली कुटुंबं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा झोप उडाल्याचं सांगतात, चिडचिड सांगतात, नवरा-बायकोतला अबोला सांगतात. थोडं बोलणं झालं की मूळ काळजी वर येते. घर कुठं घ्यायचं? आणि भाग चुकला तर?

खानदेशातून आलेल्या एका कुटुंबाचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवऱ्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी लागली होती. सोबत बायको, चौथीतला मुलगा आणि नवऱ्याची आई. दांडिया बाजारात, म्हणजे जुन्या शहरातल्या मराठी वस्तीत, आत्याकडे चार दिवस म्हणून उतरले ते काही महिने झाले तरी तिथंच. नवऱ्याचं मन वासणा-भायलीकडच्या नव्या टॉवरवर बसलेलं. रुंद रस्ते, लिफ्ट, शिवाय कर्जही मंजूर. आत्याचं एकच पालुपद, "आपली माणसं सोडून कुठं जाता?" बायको दर रविवारी फ्लॅट बघून यायची आणि रात्री टक्क जागी. टोकन द्यायची वेळ आली की तिच्या छातीत धडधडायचं.

सगळ्यांना एकत्र बोलावलं. भागांची नावं काही वेळ घ्यायचीच नाहीत असं ठरवलं. एका कागदावर चार रकाने आखले आणि म्हटलं, साध्या मंगळवारी सकाळी सहा ते रात्री दहा कोण कुठं असेल, तेवढं लिहा. नवऱ्यानं भराभर सगळ्यांचं लिहून टाकलं. स्वतःची शिफ्ट, मुलाची शाळा आणि ट्यूशन, बायकोचा स्वयंपाक. आईच्या रकान्यात अकरा ते पाच एकच शब्द: आराम. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, चष्मा लावला, त्याच्या हातातलं पेन घेतलं, त्या शब्दावर काट मारली आणि खाली लिहिलं, "देऊळ, भाजी, बोलायला कोणीतरी." मग त्याला म्हणाल्या, "मला गुजराती येत नाही रे. तिथं वर बसून दिवसभर मी कुणाशी बोलू?"

अशा घरांमध्ये मला हे वारंवार दिसतं. घरात सगळ्यात कमी वेळ असणाऱ्याचं मत सगळ्यात जास्त चालतं, आणि ज्यांचा अख्खा दिवस त्या चार भिंतींत आणि त्या गल्लीत जायचा, त्यांना कुणी विचारत नाही. त्या कागदावरूनच आणखी एक गोष्ट नवऱ्याच्या लक्षात आली: भायली शहराच्या पश्चिमेला, कारखाना दक्षिणेला. रोजचा प्रवास त्यानं मोजलाच नव्हता.

बायकोशी मी स्वतंत्र बोलले. तिला दांडिया बाजार नकोच होता, पण हे ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती. "आत्यांकडे कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजतात, ताई." आपल्या माणसांजवळ राहणं आणि आपल्या माणसांच्या नजरेखाली राहणं यातलं अंतर सुनेला नेमकं कळतं. तिनं ते सांगितलं म्हणजे ती माणूसघाणी ठरत नाही. मात्र ते पोटात ठेवून ती प्रत्येक फ्लॅटमध्ये खोट काढत होती, आणि त्यानं घर अडलं होतं.

भाग चुकला तर, ही तिची भीती मात्र खोटी नव्हती. बडोद्यात भाग निवडताना विश्वामित्री नदी विसरून चालत नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीनं ३५ फुटांची पातळी ओलांडली, कित्येक सोसायट्यांत पाणी शिरलं, अंगणात मगरी आल्या. ब्रोकर हे सांगेलच असं नाही. पार्किंगच्या भिंतीवरची पाण्याची रेघ बघा, वॉचमनला विचारा, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा की चोवीस साली पाणी कुठवर आलं होतं.

म्हणून माझं सांगणं असं होतं की लगेच विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचा भाडेकरार करा आणि त्यात एक पावसाळा येऊ द्या. "आयुष्यभराचा निर्णय" हे ओझं उतरलं की मन शांतपणे बघायला लागतं. तिची झोप पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बरीच सुधारली. सुधारली नसती, भूकही गेली असती किंवा रडू आवरेनासं झालं असतं, तर मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणार होते. ते दुखणं घराच्या शोधाआड लपू देऊ नये.

त्यांनी मांजलपुरात भाड्यानं घर घेतलं. कारखाना जवळ, आसपास मराठी घरं, आत्याकडे रिक्षानं जाता येतं पण आत्या उठसूट येत नाहीत. मुलाला नवी शाळा आवडायला वेळ लागला, सुरुवातीला तो रोज पोटात दुखतं म्हणायचा. काकूंना शेजारच्या जिन्यात हरिपाठाची सोबत मिळाली. नवऱ्याला अजूनही टॉवर खुणावतो, आणि बायको आता त्याच्यासोबत फ्लॅट बघायला जाते, पण कामाच्या दिवशी, संध्याकाळी सात वाजता, काकूंना बरोबर घेऊन.

ज्यांचं घर आधीच घेऊन झालंय आणि आता पस्तावा होतोय, त्यांनाही मी तोच कागद भरायला लावते. बहुतेक वेळा एखादाच रकाना रिकामा निघतो. तेवढ्यापुरती सोय आधी बघा. घर विकायचं की नाही, ते त्यानंतर बोलू.