कूपन लावायचंच असेल तर

अगं पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, कारण मधे ड्रायर चालू होता आणि अर्धं कळलंच नाही. जे समजलं ते असं की जुळे सोलापुरातल्या पार्लरला वर्ष होत आलं, शनिवार-रविवार खुर्च्या भरतात, बाकीचे दिवस पोरी मोबाइल बघत बसतात, आणि आता त्या डिस्काउंट व्हाउचरवाल्या ॲपचा माणूस येऊन गेलाय, म्हणतोय फेशियल पन्नास टक्क्यात लावा, महिन्यात पार्लर फुल्ल करून देतो. करू का काका, एवढंच विचारलंस. कर की. पण तो सांगालाय तसं नको करू.

तो माणूस खोटं बोलत नसेल, पार्लर फुल्ल करून देईलही. त्याचं टार्गेट तेवढंच आहे, किती कूपन विकली. तुझं टार्गेट वेगळं पाहिजे, त्यातल्या किती बायका पुढच्या महिन्यात पूर्ण पैसे देऊन परत आल्या. हा आकडा तो कधीच विचारणार नाही, आणि मी एवढी वर्षं लोकांच्या हिशेबाच्या वह्या लिहितोय, दुकानदारसुद्धा क्वचितच लिहून ठेवतात.

आता वही काढ. तुझं हजाराचं फेशियल धर. ॲपवर ते पाचशेला जाणार. त्यातनं कमिशन समज निम्मं, अडीचशे. निम्मं ऐकून दचकू नको, ग्रुपॉन म्हणून अमेरिकेची कूपन विकणारी कंपनी आहे, तिनं जगभर साधारण हाच पायंडा पाडला होता, तुझा माणूस कमी सांगत असेल तर चांगलंच आहे, लेखी घे. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ४५ रुपये. तुझी उलाढाल वीस लाखाच्या आत, जीएसटी नंबर काढलेला नाही, त्यामुळं ते ४५ तुला कुठनं परत मिळत नाहीत. हातात आले २०५. खर्च बघ, किट, क्रीम, डिस्पोजेबल, टॉवेल धुलाई धरून २२०, आणि पोरींना दर कामामागं दहा टक्के देतेस ते १००. झाले ३२०. म्हणजे एका कूपनमागं ११५ रुपये तुझ्या पदरचे गेले. भाडं नि लाइट बिल मी धरलंच नाही, रिकाम्या तासांचं भाडं तू तसंही भरालीसच.

साठ कूपन गेली तर ६,९०० गेले. ठीक आहे, जाहिरात म्हणू. साठातल्या सहा जणी पुढं नेहमीच्या झाल्या तर एकेक बाई तुला ११५० ला पडली. पूर्ण भावाच्या फेशियलमागं ६८० सुटतात, दोन वेळा आली की वसूल. इथपर्यंत कुणीही म्हणेल, वाईट नाही.

पण खरा घोळ पुढं आहे. त्या साठात दहा जणी तुझ्याच जुन्या निघाल्या तर? दर महिन्याला हजार देऊन फेशियल करून जाणारी बाई ॲपवर पाचशेत बघती, ती काय वेडी आहे का सोडायला, घेणारच, आपणही घेतलं असतं. तिच्याकडनं येणारे ६८० बुडाले, दहा जणींचे ६,८००. एकूण फटका १३,७०० वर गेला, नवीन आलेल्या पन्नास, त्यातल्या टिकल्या सहा, म्हणजे एक बाई पडली जवळपास २,२८० ला. आता ती चौथ्या खेपेला आली तर कुठं तुझे पैसे सुटायला लागणार. आणि जुनीच्या डोक्यात पाचशे हा भाव बसला तो बसलाच, पुढच्या वेळेस हजार मागताना तिचा चेहरा बघ.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, जे काम तुझ्या जुन्या बायका नेहमी करून घेतात ते कूपनवर लावायचंच नाही. फेशियल, वॅक्सिंग, थ्रेडिंग, ह्याला हात लावू नको. पेडिक्युअर लाव. तूच म्हणालेलीस ना की पेडिक्युअरची खुर्ची हौसेनं घेतली आणि धूळ खालालीय. सहाशेचं पेडिक्युअर तीनशेत, कमिशन दीडशे, त्यावर जीएसटी २७, हातात १२३. सामान चाळीसचं, पोरीचे साठ, उरले तेवीस रुपये. हसू नको. फेशियलमागं ११५ घालवण्यापेक्षा तेवीस कमवून नवीन बाई दारात येती ती बरी, शिवाय पाय पाण्यात ठेवून पाऊण तास बसलेली बाई गप्पा मारती, आजूबाजूला काय चाललंय ते बघती, आणि हेअर स्पा केवढ्याला हे तीच विचारती. तू विचारू नको हं. कूपनवर आलेल्या बाईला खुर्चीत बसवलं की लगेच पॅकेज गळ्यात मारायचं, हे लै ठिकाणी चालतं आणि ती बाई परत फिरकत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. सोमवार ते गुरुवार, दुपारी बारा ते पाच, बस. आधी फोन करून वेळ घ्यायची. शनिवार-रविवार नाही, लग्नाच्या तिथीला आणि आदल्या दिवशी नाही, नवरात्र-दिवाळीत नाही, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नाही. हे सगळं कूपनवरच छापून घे, दारात आलेल्या बाईला तोंडी सांगितलंस तर भांडण होतं, आणि रिव्ह्यू पार्लरच्या नावावर येतो, ॲपच्या नाही. उलट आषाढात, पितृपक्षात, जेव्हा तुझ्याकडं माश्या मारायची वेळ येती, तेव्हा खुशाल जास्त सोड. रिकामी गेलेली दुपार उधारीवरसुद्धा परत मिळत नाही, तिला जे येतील ते पैसे. भरलेला शनिवार मात्र अर्ध्या भावात विकायचं काही कारण नाही.

तिसरं, आकडा बांधून घे. एकूण किती कूपन आणि दिवसाला किती. तुझ्याकडं पोरी तीन, दिवसाला चार पेडिक्युअरच्या वर जमणार नाही. २०११ ला इंग्लंडात रेडिंग गावात एका बेकरीवाल्या बाईनं ग्रुपॉनवर कपकेक पंच्याहत्तर टक्के सूट देऊन लावले, वर मर्यादा घातलीच नाही, आणि ऑर्डर आली एक लाख दोन हजार कपकेकची. बाहेरची माणसं लावून रात्रंदिवस भाजत बसली आणि साडेबारा हजार पौंडाचा खड्डा पडला. तुझ्याकडं एवढे येणार नाहीत, पण कूपनची मुदत संपायच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या एकदम उगवतात हे पक्कं समज, तीन महिने ज्यांना आठवण नव्हती त्या सगळ्या. त्यासाठी मुदत कमी ठेव, पंचेचाळीस दिवस लै झाले.

आता थोडं इतिहासाचं, तुला कंटाळा येईल पण वाच. २००८ ला शिकागोत ग्रुपॉन सुरू झालं, पहिलं कूपन त्यांच्याच बिल्डिंगमधल्या बारच्या पिझ्झाचं, एकाच्या पैशात दोन. आपल्याकडं ते २०११ ला सोसस्ता नावाची कंपनी विकत घेऊन आले, मग नाव झालं क्रेझील, मग ग्रुपॉन इंडिया, २०१५ ला इथल्याच मंडळींनी ती कंपनी घेऊन नियरबाय केलं. स्नॅपडीलसुद्धा २०१० ला कूपनंच विकायला निघालेली, दीडेक वर्षात ते सोडून सामान विकायला लागली. २०१३ ला कांदा पेटलेला तेव्हा ग्रुपॉननं नऊ रुपये किलोनं कांदा लावला, साइटच बंद पडली एवढी झुंबड. आपण तर कांद्याच्या गावचे, मार्केट यार्डात गाड्यांची रांग कुठवर जाती तुला माहितीय. नऊ रुपयाला कांदा म्हणल्यावर गर्दी कुणाकडंही होईल, त्याला ॲप कशाला पाहिजे. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये हॉटेलवाल्यांनी झोमॅटो गोल्डसारख्या सवलतीच्या स्कीममधनं लॉगआउटची मोहीमच काढली, म्हणाले गिऱ्हाइकाला सवलतीची सवय लागली, आम्हाला काय उरंना.

आता तुझ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर म्हणशील काका नुसतं घाबरवालेत. अमेरिकेत राइस युनिव्हर्सिटीचे उत्पल ढोलकिया म्हणून प्रोफेसर आहेत, त्यांनी २०१० ला ग्रुपॉनवर गेलेल्या दीडशे धंद्यांचा अभ्यास केला. ६६ टक्क्यांना फायदा झाला, ३२ टक्क्यांना नाही, आणि चाळीस टक्क्यांहून जास्त म्हणाले परत असलं करणार नाही. पण त्यात सगळ्यात बरे निघाले स्पा आणि सलून, सगळ्यात वाईट रेस्टॉरंट. कारण उघड आहे, इडलीच्या पिठाचे पैसे आधी जातात, तुझ्या धंद्यात मोठा खर्च माणसाचा आणि वेळेचा, आणि तो वेळ रिकामाच पडलेला. शिवाय हात आवडला की बाई पार्लर बदलत नाही, हॉटेल रोज बदलती. म्हणून मी कर म्हणालो.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला लै पटली. फायदा होणार का नाही हे सगळ्यात जास्त कशावर ठरलं, तर दुकानात काम करणारी माणसं खुश होती का नाही ह्यावर. सवलतीचे टक्के किती ते मागं पडलं. तुझ्याकडच्या पूर्व भागातल्या, तेलुगू वस्तीतल्या त्या दोघी दिवसभर उभ्या राहून काम करतात, कूपनवाली बाई आली की तोंड वाकडं करणार, कारण टिप नाही आणि काम तेवढंच. त्यांचे दहा टक्के कूपनच्या भावावर नाही, मूळ सहाशेवर दे, मी वर साठ धरले ते त्यासाठीच. आणि कूपनवाली परत पूर्ण पैशात आली तर जिनं तिचं काम केलं त्या पोरीला पन्नास रुपये वेगळे. बघ मग कशा हसून बोलतात, तेलुगूत, कन्नडमध्ये, समोरची ज्या भाषेची असेल तिच्यात. ही तर आपल्या गावची जमेची बाजू आहे, पुण्याच्या ब्रँडवाल्यांना ती कुठनं जमणार.

करारात बघायचं ते पटकन सांगतो. पैसे कूपन विकल्यावर मिळणार का बाई येऊन गेल्यावर, आणि किती दिवसांनी. न वापरलेल्या कूपनचे पैसे कुणाचे. बाईनं रिफंड मागितला तर कुणी द्यायचा. मधेच बंद करायचं असेल तर नोटीस किती. दुसऱ्या ॲपवर जायला बंदी आहे का. आणि तुझा माणूस म्हणेल की मॅडम फेशियलची एमआरपी पंधराशे दाखवू, मग सूट मोठी दिसती. अजिबात नको. सेंट्रल कन्झ्युमर प्रोटेक्शनवाल्यांनी २०२२ ला फसव्या जाहिरातींचे नियम काढलेत, ज्या भावात कधी विकलंच नाही तो भाव दाखवून सूट फुगवायची ही फसवी जाहिरातच झाली. ते सोड, जुळे सोलापुरात कुठल्या पार्लरला काय भाव आहे हे सगळ्या बायकांना तोंडपाठ असतं, लाज जाईल ती वेगळीच.

आणि सही करायच्या आधी एक साधं काम कर. आठवडाभर येणाऱ्या प्रत्येक बाईला विचार की हे ॲप मोबाइलमध्ये आहे का. मुंबई-पुण्यात चालतं म्हणून आपल्या विजापूर रोडला चालेल असं काही नाही. वीसातल्या दोघींकडंच निघालं तर त्या माणसाला चहा पाजून वाटेला लाव.

ॲप नसलं तर काय, म्हणशील. स्वतःचं कूपन छाप की. संक्रांतीपासनं रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं, दरवर्षी वाण म्हणून तीच प्लास्टिकची डबी नि तीच वाटी. तुझ्या चांगल्या पाच-सहा गिऱ्हाइकांना सांग, तुमच्या हळदीकुंकवाचं वाण माझ्याकडनं, प्रत्येकीला पेडिक्युअरचं निम्म्या भावाचं कार्ड, तुमचे पैसे शून्य. छपाई दोन-तीन रुपयाला कार्ड. कमिशन नाही, वरचा जीएसटी नाही, तीनशेच्या तीनशे तुझ्याकडं, दोनशे सुटले. वर ओळखीच्या बाईनं दिलेलं कार्ड, त्याला किंमत वेगळी असती. कार्डावर देणारीचं नाव लिहायला जागा ठेव, कुणाच्या घरातनं किती आल्या कळेल, जिच्याकडनं जास्त आल्या तिला एक हेअर स्पा फुकट. माझ्या मते ॲपच्या आधी हेच करून बघावं, पण जानेवारीपर्यंत थांबायची तुझी तयारी दिसत नाही, म्हणून वरचं सगळं लिहिलं.

काहीही कर, येणाऱ्या प्रत्येकीचं नाव, मोबाइल नंबर, कुठनं आली, काय केलं, परत कधी आली, हे एका वहीत लिही. ॲपवाले नंबर देत नाहीत बऱ्याचदा, तूच विचारून घे, तारखेची आठवण करायला लागतो म्हण, देतात. तीन आठवड्यांनी एक व्हॉट्सॲप, तोही त्या कामाबद्दल, सूट नाही. रोज गुड मॉर्निंगचे फोटो पाठवालीस तर ब्लॉक करतील, मीच करतो.

शनिवारी पार्क चौकात ऑफिसला येणारच आहेस रिटर्नच्या कागदांसाठी, तेव्हा त्या ॲपवाल्याचं कोटेशन आणि मागच्या तीन महिन्यांची बिलबुकं घेऊन ये, कुठले वार खरंच रिकामे आहेत ते त्यातनं काढू, तुझ्या अंदाजावर नको. दुपारी दोननंतर ये, सकाळी गर्दी असती. आणि येताना काकूला शेंगा चटणी पाहिजे म्हणालीय, नव्या पेठेतनं पाव किलो आण, पैसे मी देतो.

तुझा,
काका