वाचकांचे प्रश्न: उचल घेतलेला माणूस काम सोडू शकतो का?

प्रश्न: बेळगावात आमची हाउसकीपिंग आणि कॅन्टीन चालवणारी छोटी कंपनी आहे, 40 माणसं. पुण्याच्या एका ग्राहक कंपनीनं ‘आमच्याकडे व आमच्या पुरवठादारांकडे आधुनिक गुलामगिरी नाही’ असं हमीपत्र मागितलं आहे. आम्ही कुणाला डांबून ठेवत नाही. सही करून द्यावी का?
— एक वाचक, उद्यमबाग

तपासल्याशिवाय देऊ नका. ब्रिटनच्या 2015 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यातल्या कलम 54 नुसार तिथं व्यवसाय करणाऱ्या, 3.6 कोटी पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना दरवर्षी यावर निवेदन द्यावं लागतं. आपल्याकडेही शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना वेठबिगारी व बालमजुरीबद्दल विचारते. तोच प्रश्न खाली तुमच्यापर्यंत आला आहे.

आपल्या भागात कुलूप लावलेलं दार क्वचितच दिसेल. दिसते ती उचल, म्हणजे कामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. वेठबिगारी निर्मूलनाच्या 1976 च्या कायद्यात डांबून ठेवणं ही अट नाहीच. उचलीच्या बदल्यात माणसाला किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळत असतील, किंवा दुसरीकडे काम धरायची, गावी जायची मोकळीक उरली नसेल, तर ती वेठबिगारी. शिवाय किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम म्हणजे राज्यघटनेच्या कलम 23 नुसार सक्तीचं काम, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 साली दिल्लीच्या एशियाड बांधकामांच्या खटल्यात सांगितलं आहे. तेव्हा सहीआधी तीन गोष्टी बघा: उचलीची वही, ठेकेदाराचा दर आणि कामगाराचं बँक खातं.

प्रश्न: कलबुर्गी, रायचूरकडची मुलं मुकादमामार्फत येतात. 15,000 रुपये उचल दिल्याशिवाय कुणी गाव सोडत नाही. हे बेकायदा आहे का?
— एक वाचक, निपाणी

उचल देणं हा गुन्हा नाही. ‘फिटेपर्यंत जायचं नाही’ हे वाक्य तिला गुन्हा बनवतं, मग ते कागदावर असो की तोंडी.

गावाहून येण्याचा प्रवासखर्च पगारातून कापता येत नाही. वेतन कायद्यात तशी स्पष्ट मनाई आहे. तो कंपनीचा खर्च धरा. मुकादमाचं कमिशनही कंपनीनं द्यावं, नाहीतर ते मुलाच्या नावावर चढतं. उरलेल्या उचलीवर व्याज नको, हप्ता लहान ठेवा आणि सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. कराराची भाषा त्या मुलाला वाचता येणारी हवी, म्हणजे बहुधा कन्नड. त्यात हे वाक्य घाला: ‘बाकी असली तरी काम सोडता येईल आणि केलेल्या कामाचा पगार दोन कामाच्या दिवसांत मिळेल.’

बिघडतं कुठं, तर वहीत. पहिल्या ओळीत 15,000. मग त्याच पानावर मेसचे पैसे, खोलीभाडं, मोबाइलचं रिचार्ज, तापाची औषधं चढत जातात. मुलगा दर महिन्याला अंगठा किंवा सही देतो आणि सहा महिने राबूनही खाली बाकी निघते 19,000. माणूस काम करतोय आणि बाकी वाढतेय असं एक जरी पान दिसलं, तर त्या दिवशीच सगळ्या वह्या मागवा. उचलीचं पान वेगळं ठेवा, त्यात दुसरा कुठलाही खर्च लिहायचा नाही. शिल्लक बाकी दर महिन्याच्या पगारचिठ्ठीवर छापा. एका भावाची बाकी दुसऱ्याच्या नावावर कधीही टाकू नका. ऊसतोडीत कोयत्यामागे, म्हणजे जोडप्याला मिळून, उचल देण्याची रीत आहे. ती आपल्या धंद्यात आणू नका.

प्रश्न: पुरवठादार बरेच आहेत. प्रत्येकाची चौकशी करायला माणूस कुठून आणू?
— एक वाचक भगिनी, खानापूर

सगळ्यांची नका करू. जिथं कामगार कामाच्याच जागी राहतात, मुकादमामार्फत येतात किंवा नगावर पैसे घेतात, तिथून सुरुवात करा: सिक्युरिटीचा ठेकेदार, लॉन्ड्री, गणवेश शिवणारे, कॅन्टीनला गूळ देणारं गुऱ्हाळ, शेड बांधताना वीटभट्टी. स्टेशनरीचं दुकान नंतर बघता येईल.

पहिली तपासणी टेबलावरच होते. समजा सिक्युरिटीच्या पहारेकऱ्याचं किमान वेतन दिवसाला 500 रुपये आहे (खरा आकडा कर्नाटकाच्या चालू अधिसूचनेतून घ्या, महागाई भत्ता दर एप्रिलला बदलतो). 12 तासांच्या पाळीत 8 तासांचे 500. वरचे 4 तास दुप्पट दरानं, म्हणजे आणखी 500. दिवसाला 1,000, आणि सुट्टीचा बदली माणूस धरून 30 दिवसांचे 30,000. त्यावर 15,000 मूळ वेतनाच्या 13 टक्के भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे 1,950, आणि एकूण 30,000 च्या 3.25 टक्के ईएसआय (कामगार विमा), म्हणजे 975. झाले 32,925, बोनस, गणवेश आणि ठेकेदाराचा नफा वेगळाच. हाच ठेकेदार 18,000 मध्ये माणूस देत असेल, तर उरलेले पैसे पहारेकऱ्याच्या पगारातूनच जात आहेत. असा दर स्वीकारणारा मालकही त्यात सामील आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. खरं तर रोज 12 तास लावूच नयेत. आठवड्याचे 48 तास धरून तीन पाळ्या करा.

दुसरी तपासणी माणसांशी बोलून. चार-पाच जणांना सुपरवायझरपासून दूर, त्यांच्या भाषेत, नाव न लिहिता विचारा. ‘त्रास आहे का?’ असं विचारलं तर ‘नाही’च येणार. त्यापेक्षा असं विचारा: गेल्या महिन्यात हातात किती आले? एटीएम कार्ड कुणाकडे असतं? घरी लग्न निघालं तर उद्या जाता येईल? राजीखुशीनं दाखवले तर मोबाइलवरचे बँकेचे मेसेज बघा. पगाराच्या दिवशी सहा जणांचे पैसे एकाच एटीएममधून दहा मिनिटांत निघाले असतील, तर बहुधा सगळी कार्डं एकाच खिशात आहेत. पगारपत्रक चोख दिसतं आणि रोख परत घेतली जाते, ती अशी.

प्रश्न: ठेकेदार ‘सुरक्षेसाठी’ मूळ आधार कार्डं स्वतःकडे ठेवतो. चालेल?
— एक वाचक, चिकोडी

नाही. प्रत घ्या, मूळ त्याच दिवशी परत करा. खोलीत कुलपाचा कप्पा द्या, किल्ली कामगाराकडे.

प्रश्न: पुरवठादाराकडे खरंच वेठबिगारी आढळली तर करार लगेच तोडायचा का?
— एक वाचक, बेळगाव

तिथंच बहुतेक लोक चुकतात. करार तोडला की माणसं रातोरात दुसऱ्या साइटवर हलवली जातात. पगार बुडतो, कर्ज तसंच राहतं. मालकाला आधी जाबही विचारू नका. ‘बाकी किती ते सांगा, मी भरतो, माणसं सोडा’ असा सौदा तर मुळीच नको: कायद्यानं ते कर्ज आधीच रद्द झालेलं आहे आणि त्यापोटी पैसे घेणं हा गुन्हा आहे.

मारहाण किंवा कोंडून ठेवणं असेल तर 112, मूल असेल तर 1098. बाकी प्रकरणात जिल्हाधिकारी किंवा उपविभागाच्या प्रांताधिकाऱ्यांकडे (बेळगाव, चिकोडी, बैलहोंगल) लेखी अर्ज द्या: जागा, अंदाजे माणसं, मूळ गाव, उचल, मिळणारी मजुरी. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करण्याचा भार कायद्यानं मालकावर टाकला आहे. केवळ किमान वेतनाची तूट असेल आणि माणसं मोकळी असतील, तर फरकाची रक्कम खात्यात भरून घ्या, लेखी मुदत द्या आणि गरज असेल तिथं तुमचा दर वाढवा.

सुटका झाल्यावर प्रत्येकाच्या नावानं मुक्ती प्रमाणपत्र निघतं. केंद्राच्या योजनेतून 30,000 रुपयांपर्यंत तातडीची मदत आणि पुढचं पुनर्वसन त्यावरच अवलंबून असतं. माणसं गावच्या गाडीत बसण्याआधी ते प्रत्येकाच्या हातात पडलं आहे का, ते स्वतः बघा. एकदा ती आपापल्या जिल्ह्यात पांगली की त्या कागदासाठी पुन्हा बेळगावला येणं त्यांना परवडत नाही.