तज्ज्ञच शब्द फिरवतात, मग ऐकायचं कुणाचं?

मी समुपदेशक आहे. कोविडला इतकी वर्षं झाली, तरी ही तक्रार माझ्याकडे येतच राहते. "आधी म्हणाले मास्क नको, मग म्हणाले हवाच. कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतरही वाढवत नेलं. यांच्यावर भरवसा ठेवायचा कसा?" या रागाच्या तळाशी बहुतेक वेळा गेलेलं माणूस असतं.

अशाच एक बाई आल्या. थोरला भाऊ एप्रिल 2021मध्ये गेलेला. आता त्यांनी आईच्या बीपीच्या गोळ्याही परस्पर बंद केल्या होत्या. "सगळे डॉक्टर अंदाजपंचे बोलतात," हे त्यांचं पालुपद.

दोन-तीन भेटींनंतर त्या खरं बोलल्या. "रात्रभर प्लाझ्मा डोनर शोधत होते. मिळाला तेव्हा दादा गेला होता. थोडा आधी मिळाला असता तर वाचला असता." कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला हा द्रव तेव्हा रुग्णांना देत असत.

"वाचले असते, हे कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनीच तर प्लाझ्मा आणायला..." आणि त्या थांबल्या.

मी काही बोलले नाही. डॉक्टरांच्या एकाही शब्दावर विश्वास नसलेल्या या बाईंनी, स्वतःला गुन्हेगार ठरवणारा तेवढा एक सल्ला मात्र घट्ट धरून ठेवला होता. हे त्यांचं त्यांनाच दिसावं, याची मी वाट पाहत होते.

मग त्यांच्यापुढे माहिती ठेवली. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020मध्ये 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी घेतली. आजार गंभीर होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण प्लाझ्मा दिलेल्यांत 19 टक्के, न दिलेल्यांत 18. हे निष्कर्ष ऑक्टोबर 2020मध्ये छापून आले. उपचारांच्या सरकारी सूचनांमधून प्लाझ्मा वगळला गेला तो मात्र मे 2021मध्ये.

बराच वेळ रडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे सल्ला बदलला याचा मला राग नाहीच. उशिरा बदलला, याचा आहे."

इतका नेमका राग मी क्वचितच ऐकला आहे. तो मी शमवायला गेले नाही, कारण तो रास्त होता. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, म्हणजे त्रासदायक भावनेमागचा हट्टी विचार शोधते. माणसाला छळतो तो हट्ट: तज्ज्ञाचं पहिल्याच दिवशी बरोबर असलंच पाहिजे. नव्या साथीत ते कुणालाच जमत नाही. म्हणून सल्ला बदलला का, यापेक्षा कशामुळे बदलला ते विचारा. पुरावा आल्यावर किती दिवसांनी बदलला, तेही बघा. आणि सल्ला कुणासाठी आहे, कुणासाठी नाही, हे सांगितलंय का? जून 2020मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीने डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाबद्दल तेच केलं: ऑक्सिजनवर असलेल्यांचे मृत्यू कमी होतात, ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा दिसत नाही. सरसकट सगळ्यांना एकच औषध सुचवणाऱ्यापेक्षा असं बोलणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवते, मग त्याची पदवी काहीही असो.

पुढच्या वेळी बाई आईला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या आणि विचारलं, "या गोळीचा अभ्यास आईच्या वयाच्या माणसांवर झालाय का?" डॉक्टरांनी नीट बसून समजावलं. गोळ्या पुन्हा सुरू आहेत.