वन्यप्राण्यांची बंदिस्त पैदास: कायद्याचा अभ्यास कोठून सुरू करावा?

प्रश्न: मी एलएल.एम. करत असून ‘वन्यप्राण्यांचे बंदिस्त प्रजनन आणि संवर्धन’ हा प्रबंधाचा विषय घेतला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात प्रजननावर स्वतंत्र प्रकरण मला सापडले नाही. मग ते कायदेशीर आहे की नाही, हे कशावरून ठरवायचे? खासगी पैदास खुली केल्यास शिकार कमी होईल, असे काहीजण म्हणतात, त्याबद्दल आपले मत काय?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि अभ्यासाची दिशाही त्यातूनच मिळते. 1972चा हा अधिनियम प्रजननाला सरसकट परवानगी देत नाही आणि सरसकट मनाईही करत नाही. प्राणी आला कोठून, तो कोणाच्या ताब्यात आहे आणि पिल्लांचे पुढे काय होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या कलमांत शोधावी लागतात.

पहिल्या प्रश्नासाठी कलम 2(16) मधील शिकारीची व्याख्या शब्दन्‌शब्द वाचा. जिवंत पकडणे तर तिच्यात येतेच, पण रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणेही येते. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे माळढोक तुम्हाला परिचित असेल. जैसलमेरजवळच्या सम येथील केंद्रात 2019 पासून याच पक्ष्याची रानातून उचललेली अंडी उबवून पिल्ले वाढवली जात आहेत. जी कृती एरवी कलम 9 खाली गुन्हा ठरली असती, ती शास्त्रीय व्यवस्थापनासाठी कलम 12 खाली मिळणाऱ्या परवान्यामुळे संवर्धन ठरते, आणि प्राणी अनुसूची 1 मध्ये (अधिनियमाला जोडलेल्या, सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्रजातींच्या यादीत) असेल, तर असा परवाना देण्यापूर्वी केंद्र सरकारची संमती आवश्यक असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्राणिसंग्रहालयांच्या प्रकरणात आहे. 1991च्या दुरुस्तीने केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची तरतूद झाली, मात्र ‘प्राणिसंग्रहालय’ या संज्ञेच्या व्याख्येचा भर लोकांना प्राणी दाखवण्यावरच राहिला. 2022च्या दुरुस्तीने तिच्यात संवर्धन प्रजनन केंद्रांचा स्पष्ट उल्लेख आला. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली असून तिने अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणली, त्यामुळे त्याआधी छापलेल्या पुस्तकातील अनुसूची क्रमांक प्रबंधात घेऊ नका.

तिसऱ्या प्रश्नासाठी याच दुरुस्तीने आलेले प्रकरण 5-ब पाहा. साइट्स या संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या परिशिष्ट 1 मधील, म्हणजे सर्वांत कडक नियम असलेल्या, प्रजातींची पैदास करणाऱ्यांवर कलम 49-न ने परवान्याचे बंधन घातले आहे. केवळ हे कलम वाचून कोणालाही परवाना काढून तारा कासवांची पैदास करता येईल असे वाटेल, पण तसे नाही. एखादी प्रजाती अनुसूची 4 (साइट्समधील प्रजातींची यादी) बरोबरच 1 किंवा 2 मध्येही असेल, तर तिला या आधीच्या अनुसूचींचेच कडक नियम लागू होतात. शिवाय कायदा मोडून बंदिवासात वाढवलेला प्राणी कलम 39 नुसार सरकारी मालमत्ता ठरतो.

आता खासगी पैदाशीविषयी. ती खुली करावी हे मत मला मान्य नाही. पिंजऱ्यात जन्मलेले आणि रानातून पकडून आणलेले कासव शेजारी ठेवले, तर नुसत्या नजरेने फरक सांगता येत नाही, आणि कायदेशीर बाजार उघडला की चोरट्या मालाला कागदपत्रांची आयती आड मिळते. साइट्सच्या अनुच्छेद 7(4) नुसार परिशिष्ट 1 मधील प्राणी व्यापारासाठी बंदिवासात वाढवलेले असतील, तर त्यांना परिशिष्ट 2 चे तुलनेने सौम्य नियम लागू होतात. या सवलतीची चिकित्सा तुमच्या प्रबंधात अवश्य यावी.

मात्र केवळ वन्यजीव कायद्यावर थांबू नका. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि तेथील वनविभाग गिधाडांचे प्रजनन करतात आणि तेथून आणलेली गिधाडे 2024 मध्ये पेंच व ताडोब्यात दाखल झाली. गिधाडे मेली ती गुरांना दिल्या जाणाऱ्या आणि मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर 2006 मध्ये बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये कुपीला 3 मिलिलिटरची मर्यादा घालावी लागली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांच्याही पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. हे निर्णय औषधांच्या कायद्यातील आहेत, आणि ते झाले नसते तर पिंजोरचे पक्षी सोडायला सुरक्षित आकाशच उरले नसते. प्रजनन केंद्राला मान्यता देताना त्या प्रजातीच्या ऱ्हासाचे मूळ कारण दूर करण्याची जबाबदारी कायदा कोणावर टाकतो, हा प्रश्न प्रबंधाच्या मध्यभागी ठेवावा, असे मी सुचवेन.